तारण ठेवलेली दुसरी किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे. जुनी वयानं, अंगानं मात्र नवीकोरी. माझ्या अंगावर पाच खाचा आहेत, काही खोल, काही उथळ. कुलपात शिरताना त्या ज्या क्रमानं जातात, त्याच क्रमानं मी माझी गोष्ट सांगते. खोल खाचेला शब्द जास्त लागतील, उथळ खाचेला कमी. त्याला इलाज नाही. सारख्या खाचांच्या किल्लीनं कुलूप उघडत नाही.

पहिली खाच, उथळ

आम्ही जुळ्या बहिणी. एकाच पितळी पट्टीतून कापलेल्या. थोरली गाडीला लागली, मी गाडीच्या मालकांच्या, म्हणजे दातांच्या डॉक्टरांच्या खणात गेले. गाडी मोतिया रंगाची, गोल दिव्यांची. तिच्या इंजिनाचा आवाज खालच्या पट्टीतला, पोटभर जेवून उठलेल्या माणसाच्या हुंकारासारखा. थोरली रोज फिरायची, रोज झिजायची. मी खणात आवाज ऐकायची.

दुसरी खाच, खोल

पुढे डॉक्टरांचे हात थरथरू लागले आणि त्यांनी दवाखाना बंद करायचं ठरवलं. गाडीला गिऱ्हाईक लगेच मिळालं. एका हॉटेलवाल्याला ती मधोमध कापून पुढचा अर्धा भाग गल्ल्यासाठी वापरायचा होता.

दवाखान्यासमोर चष्म्याचं दुकान होतं. ते चालवणाऱ्या बाई एकोणीस वर्षं काचेतून या गाडीकडे बघत आल्या होत्या. नवा चष्मा चढवला, की गिऱ्हाइकाला त्या पहिल्यांदा गाडीचा नंबर वाचायला सांगत. गाडी कापणार हे कळल्यावर त्या हातातलं भिंग तसंच ठेवून रस्ता ओलांडून आल्या.

"दहा दिवस थांबतो," डॉक्टर म्हणाले. "पण बाई, तो रोख देतोय."

बाईंकडे निम्मे पैसे होते. उरलेल्या निम्म्यांसाठी त्या बँकेत गेल्या. जामीन म्हणून नवऱ्याला नेलं, आणि डॉक्टरांनाही गाडी घेऊन दारात उभं केलं. मी कर्जसाहेबांच्या टेबलावर, अर्जाच्या कागदावर पडले होते. या साहेबांना सगळी बँक नियमसाहेब म्हणायची. शिंक आली तरी हा माणूस आधी परिपत्रक बघेल, अशी त्यांची ख्याती.

"बाई, या तक्त्यात गाडीची किंमत दर वर्षी उतरते," साहेब म्हणाले. "पंधराव्या वर्षी शून्य. तुमची गाडी चौतीस वर्षांची."

"मग डॉक्टरांना समजवा ना, शून्यात देतायत का."

"साहेब, तुम्हीच सांगा हिला काहीतरी," नवरा म्हणाला. "घरात एक जुनं मॉडेल आहेच. तेच ढकलत चालवते."

"त्याला कर्ज नाही काढावं लागलं," बाई म्हणाल्या.

साहेब हसले नाहीत. "चालू तरी होते का?" त्यांनी विचारलं.

बाईंनी खिडकीतून हात केला. बाहेर डॉक्टरांनी थोरलीला फिरवलं. तो हुंकार खिडकीतून आत आला आणि साहेबांचं पेन कागदावर टेकल्या जागी थांबलं. मग ते उठून मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. बराच वेळ आतून फक्त मॅनेजरांचा आवाज येत होता.

"कर्ज मिळेल," साहेब परत येऊन म्हणाले. "पाच वर्षं, साठ हप्ते. दोन अटी आहेत. ही दुसरी किल्ली शेवटच्या हप्त्यापर्यंत बँकेकडे तारण राहील. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, चारच्या आत, हप्त्याबरोबर गाडी दारात आणून चालू करून दाखवायची. आवाज ऐकूनच मी सही करणार. एकदा जरी चुकलं, तर गाडीचा लिलाव."

"लिलावात असली गाडी घेणार कोण?" बाईंनी विचारलं.

"हॉटेलवाला," नवरा म्हणाला आणि त्यानं जामिनाची सही केली.

तिसरी खाच, अगदी उथळ

लिफाफा. वर लाखेचा शिक्का. तिजोरी. अंधार. तरी मी दुःखी नव्हते. तिजोरी रस्त्याकडच्या भिंतीला लागून होती आणि पहिल्या तारखेचा हुंकार विटांतून माझ्यापर्यंत पोचायचा. सुरुवातीला मॅनेजर म्हणायचे, "ही काय जत्रा लावलीय?" वर्षभरानं तेच विचारू लागले, "आली का हो?"

चौथी खाच, सगळ्यांत खोल

त्रेचाळिसावा हप्ता. दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी साहेबांच्या टेबलावरचा फोन वाजला.

"साहेब, किल्ली तुटली. अर्धी कुलपातच राहिली," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका चढला होता, की मला तिजोरीत ऐकू आला. "मी दुकानासमोरच आहे. हप्ता नवऱ्याबरोबर पाठवलाय."

माझी थोरली. झिजून पातळ झाली होती बिचारी.

"हप्ता आला, गाडी नाही आली," मॅनेजर म्हणाले. "अट म्हणजे अट. त्यावर माझी सही आहे, उद्या तपासणीत मलाच विचारतील. आणि तारण ठेवलेली किल्ली शेवटच्या हप्त्याआधी देता येत नाही, हे तुम्हीच सगळ्यांना ऐकवता."

साहेबांनी परिपत्रकांची फाईल उघडली. मिटली. मग तिजोरी उघडली आणि लाख फोडली.

"अहो, काय करताय?"

"किल्ली मी कुणालाही देत नाहीये. ती बँकेच्याच ताब्यात राहील," साहेब म्हणाले. "मीही बँकेचाच आहे."

दोन गल्ल्या ते मला मुठीत घेऊन जवळजवळ पळतच गेले. तळवा घामानं ओला झाला होता. बाई गाडीत ओणवून बसल्या होत्या. एका डोळ्याला भिंग, हातात चष्म्याचे बारीक स्क्रू धरायचा चिमटा. भोवती बघे जमले होते.

"जरा उजेड सोडा. सल्ला नंतर द्या," बाई त्यांना म्हणाल्या आणि तुटका तुकडा हळूच बाहेर ओढला. एक्केचाळीस मिनिटं झाली होती तीन वाजून.

त्यांनी माझ्यासाठी हात पुढे केला. साहेबांनी मूठ मागे घेतली.

"देता येत नाही. बाई, तुम्ही पलीकडे सरका."

"तुम्हाला चालवता येते?"

"मामांच्या अशाच गाडीवर शिकलो. सुट्टीत." साहेब बसले, आरसा नीट केला. "ती भंगारात गेली. आवाज तेवढा लक्षात राहिला."

आणि मित्रांनो, सदतीस वर्षांत पहिल्यांदा मी कुलपात शिरले. पहिली खाच बसली, दुसरी, तिसरी. चौथीशी अडले. मी कधी फिरलेच नव्हते, अडणारच. साहेबांनी जोर केला नाही. जरासं मागे घेतलं, पुन्हा हलकेच आत लोटलं, आणि मी फिरले. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेला तो हुंकार माझ्या अंगातून गेला.

चारला चार मिनिटं कमी असताना गाडी बँकेच्या दारात थांबली. मॅनेजर पायरीवर घड्याळ बघत उभे होते.

"आता आवाज कोण ऐकणार?" ते म्हणाले. "ऐकणारे तर गाडीत बसलेत."

"आज तुम्ही ऐका, साहेब," नियमसाहेब म्हणाले.

मॅनेजरांनी मान तिरकी करून ऐकलं. जरा जास्तच वेळ ऐकलं. मग सही केली.

दुसऱ्या दिवशी साहेब मला घेऊन बाईंबरोबर किल्लीवाल्याकडे गेले. मला हातातून न सोडता त्यांनी माझ्यावरून एक नवी किल्ली कापून घेतली. माझी लेकच म्हणा. ती गाडीला लागली, मी परत लिफाफ्यात.

पाचवी खाच

साठावा हप्ता भरल्यावर माझा लिफाफा बाहेर आला. नव्या कारकुनाला कागदावर नियमाचा क्रमांक लिहायचा होता. "साहेब, ही आवाज ऐकायची अट कुठल्या नियमात आहे?" तो फाईल चाळत राहिला. साहेब पेनाचं टोपण लावत राहिले.

"शोधू नका, कुठल्याच नियमात नाही ती," बाई म्हणाल्या. "साहेबांचे डोळे मीच तपासते. आवाज ऐकताना ते मिटलेले असतात. तिसऱ्या हप्त्यालाच कळलं होतं मला."

"आधी बोलला नाहीत," साहेब म्हणाले.

"बोलले असते, तर तुम्हाला अट काढून टाकावी लागली असती."

आता मी बाईंच्या दुकानात खिळ्याला असते. शेजारी थोरलीचं तुटकं डोकं दोऱ्यात ओवलेलं आहे. एरवी गाडी लेक चालवते, पण पहिल्या तारखेचा मान माझा.

मित्रांनो, तुमच्याही घरात अशी एखादी दुसरी किल्ली असेल. डब्यात, खणात, कागदात गुंडाळलेली. तुम्हाला वाटतं, आपण तिला जपतोय. महिन्यातून एकदा तिला बाहेर काढा आणि कुलपात फिरवून बघा. अडली तर जोर करू नका. जरासं मागे घ्या आणि पुन्हा लोटा.

कर्ज फिटलं, तरी पहिल्या तारखेला आम्ही बँकेच्या दारात थांबतो. साहेब पायरीवर येतात. आता हातात पेन नसतं.