माझा दोर बांधायला आलेला डॉक्टर

मित्रांनो, घंटा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काहीतरी गोड, किणकिणणारं येतं ना? ते आधी डोक्यातून काढून टाका. मी जुनी आहे, कांशाची आहे, अडीचशे किलोंची आहे आणि रागीट आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, हर्नडनपासून गाडीने वीस मिनिटांवर, एका दगडी चर्चच्या मनोऱ्यात मी टांगलेली आहे. आम्ही इथे सहा जणी. सगळ्यांत हलकी आणि सगळ्यांत आधी बोलणारी मी, म्हणून मला ट्रेबल म्हणतात. बाकीच्या पाच जणींशी माझं फारसं पटत नाही. पटायची गरजही नाही.

माझा जन्म १७८७ सालचा, इंग्लंडमधल्या एका खेड्यातला. जमिनीत खड्डा खणून, मातीत घोड्याची लीद आणि बकरीचे केस कालवून माझा साचा केला होता. हसलात? हसा, हसा. तुमचा जन्म काय गुलाबपाण्यात झाला होता? मग वरून तांब्याचा आणि कथलाचा उकळता रस ओतला. मला थंड व्हायला दोन दिवस लागले. मी अजूनही थंड झालेली नाही असं काही जण म्हणतात.

तुमच्या देवळात येता-जाता कोणीही घंटेला टोला देतं. आमच्याकडे तसलं चालत नाही. इथे प्रत्येक घंटेला माणसाएवढं चाक असतं आणि चाकावरून दोर खालच्या खोलीत सोडलेला असतो. दोर ओढला की घंटा पूर्ण गोल फिरते, एकदाच वाजते आणि पुन्हा तोंड वर करून क्षणभर थांबते. खाली सहा जण गोल करून उभे राहतात. गाणं-बिणं काही नाही! पहिली ते सहावी अशा ओळीने आम्ही वाजतो आणि दर फेरीला नियमाने आमच्या जागा बदलतात. सहा घंटांचे सातशेवीस क्रम होतात. ते सगळे वाजवायचे आणि एकही दोनदा येऊ द्यायचा नाही. हातात कागद नाही, सगळं पाठ. चुकलात तर अख्ख्या गावाला कळतं.

इंग्लंडमधल्या त्या मनोऱ्यात वाजवणाऱ्यांच्या कप्तानाचा शब्द शेवटचा असे. भिंतीवर नियमांचा फळा होता. डोक्यावर टोपी ठेवून दोर धरेल त्याने सगळ्यांना बिअर पाजावी. घंटा प्रमाणाबाहेर उलटवेल त्याने दुप्पट पाजावी. पाद्र्याचं आणि वाजवणाऱ्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. हे वाजवणारे प्रार्थनेला लोकांना बोलवायचे आणि स्वतः मागच्या दाराने गुत्त्यात पसार व्हायचे! पाद्र्याने एकदा मनोऱ्याला कुलूप घातलं, तर यांनी दारच बिजागरीतून काढून ठेवलं. भांडणं जोरात होती, पण माझ्या चाकाला तेल वेळेवर मिळायचं. मग दुसरं महायुद्ध आलं आणि तीन वर्षं आमची तोंडं बंद केली. मग तरुण लोक शहरात गेले. मग चर्चच बंद पडलं. १९७९ साली आम्हाला खोक्यांत घालून अमेरिकेच्या बोटीवर चढवलं. मला कोणी विचारलं? छे!

इथली कप्तान मिस लॅथम. शाळेतून निवृत्त झालेली इंग्लिश बाई. काठीसारखी ताठ आणि मोहरीसारखी तिखट. पोत्यातून काढलेले बटाटे मोजावेत तसे ती माणसं मोजायची. सगळ्यांत जड घंटा उल्हासकाका वाजवायचे. हे कॉम्प्युटर कंपनीतले इंजिनियर. देवाचं त्यांना काडीचं वेड नाही, पण सातशेवीस क्रमांचं गणित ऐकलं आणि इथेच चिकटले. दीड वर्षापूर्वी, १९८५ च्या पावसाळी एप्रिलमध्ये, ते एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. नीला सबनीस. केसांना लाल रबर, तोंडाचा पट्टा चालूच. माझा दोर तिच्या हातात दिला तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, आता ही मला माकडासारखं ओढणार.

आणि ओढलंच! पहिला महिना माझं डोकं दुखलं. "काका, ही ऐकतच नाही यार!" ती ओरडायची.

"तीसुद्धा तुझ्याबद्दल हेच म्हणत असेल," काका म्हणायचे. (मराठी मला या दोघांच्या भांडणांतूनच आली.)

पण पोरगी हट्टी. दोर सोडायचा कधी, हीच यात सगळ्यांत अवघड गोष्ट. दोराचा लोकर गुंडाळलेला, धरायचा भाग वर जायला लागला की हात सुटलाच पाहिजे. न सोडलात तर मी तुम्हाला उचलून घेऊन जाते. नीलाने ते शिकायला सहा आठवडे घेतले. सातव्या आठवड्यात तिने मला असं काही वाजवलं की मिस लॅथम म्हणाली, "ठीक." त्या बाईच्या तोंडून 'ठीक' म्हणजे आमच्याकडे हारतुरे.

आता भानगड ऐका. आमच्या समोरच नवी घरं झाली होती आणि त्यातल्या एका घरात डॉ. प्रताप सबनीस राहायचे. हाडांचे डॉक्टर. शनिवारची रात्र हॉस्पिटलात काढायची आणि रविवारी सकाळी झोपायचं. आणि नेमकी रविवारी नऊला मी सुरू! त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यांनी पत्रं लिहिली, दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. घंटा कायमच्या बांधून टाका अशी मागणी नगर समितीकडे केली. हो, नीला त्यांचीच मुलगी. आणि ती रविवारी लायब्ररीत मॅथ क्लबला जाते अशी त्यांची समजूत.

एका शनिवारी मिस लॅथमने त्यांचं पत्र सगळ्यांसमोर वाचलं. 'हा रानटी गोंगाट आहे,' असं त्यात होतं. खाली सही. सगळ्यांच्या माना नीलाकडे वळल्या. ती कानापर्यंत लाल.

"माझे बाबा आहेत ते," ती म्हणाली. "मी जाऊ का?"

"कुठे?" मिस लॅथमने चष्म्यावरून पाहिलं. "या खोलीत तू ट्रेबल आहेस. मुलगी घरी जाऊन हो. दोर धर."

समितीची सुनावणी मंगळवारी होती. तिच्या आधीच्या रविवारी नीला पहिल्यांदा पूर्ण सातशेवीस वाजवणार होती. सव्वा वर्ष तिने याचीच वाट पाहिली होती. आदल्या संध्याकाळच्या सरावानंतर आम्हाला तोंड वर करून टेकवून ठेवलं. सकाळच्या वाजवण्यासाठी तशी पद्धतच आहे. पण मित्रांनो, तोंड वर करून टेकवलेली घंटा म्हणजे ताणलेलं धनुष्य. एका लाकडी दांड्यावर सगळा भार. म्हणून अशा वेळी दाराला कुलूप पाहिजे आणि दोरांवर लाल पाटी पाहिजे: 'घंटा वर आहेत, हात लावू नका.' हा नियम मोडणाऱ्याला मनोऱ्यात माफी नाही. टोपी घातलीत तर चालेल एक वेळ!

रविवारी नीला सगळ्यांच्या आधी आली. किल्ली तिच्याकडे होती. दार उघडलं, पाटी काढली, नाचत एक गिरकी घेतली. मग तिला खालच्या स्वयंपाकघरातले डोनट आठवले. "दोन मिनिटांत आले हं!" माझ्याकडे बघून म्हणाली आणि धडधडत खाली गेली. दार सताड उघडं.

त्याच दोन मिनिटांत डॉक्टर वर आले.

रात्रभर कोणाचं तरी मांडीचं हाड जोडून आलेले, डोळे लालभडक. मिस लॅथमला चार शब्द सुनवायला आले होते, पण खोलीत कुत्रंसुद्धा नाही. समोर सहा दोर लोंबताहेत. ते थांबले. मग स्वतःशीच हसले.

"यांच्या नानाची टांग! सगळ्यांची मिळून अशी गाठ मारतो की बसा म्हणावं सोडवत."

आणि त्यांनी पहिला हात घातला तो माझ्या दोराला.

खरं सांगू? मला आनंद झाला. ये, म्हटलं. रानटी म्हणतोस ना मला? त्यांनी दोर खाली खेचला आणि मी सुटले. अडीचशे किलो कांसं गरकन खाली आलं, वाजलं आणि दुसऱ्या बाजूने वर चढलं. दोरही वर निघाला. डॉक्टरांनी सोडला नाही! घाबरलेला माणूस मूठ उघडत नाही, आणखी आवळतो. त्यांचे पाय जमिनीवरून उठले. दोर त्यांच्या तळव्यांतून घासत होता आणि ते वर, वर चालले होते. तेव्हा माझा आनंद गेला. मी दुष्ट नाही हो, मी जड आहे. मध्येच थांबायचं मला जमत नाही.

"बाबा! सोडा! लेट गो! सोडा ना!"

दारात नीला. डोनटची पिशवी जमिनीवर.

बाबा आपलं कधीच ऐकत नाहीत ही तिची नेहमीची तक्रार. त्या दिवशी त्यांनी ऐकलं. हात सुटले आणि ते धप्पकन चटईवर आदळले. इकडे माझा दांडा काडकन मोडला आणि दोर चाबकासारखा छतापर्यंत उडाला. अजून हातात असता तर डॉक्टरांचा कपाळमोक्ष ठरलेला.

डॉक्टरांनी आधी स्वतःचा घोटा चाचपला. "फ्रॅक्चर नाही. मुरगळलाय." मग तळहात पाहिले. कातडं सोललेलं. हाडं जोडणारे हात! मग वर पाहिलं. "नीला? तू इथे काय करतेस? तुझा मॅथ क्लब?"

"हाच मॅथ क्लब आहे, बाबा."

एवढ्यात उल्हासकाका जिना चढून आले. "अरे प्रताप! तू इथे?"

"तू पण?" डॉक्टर किंचाळले. "दर शुक्रवारी माझ्या घरी जेवतोस आणि माझीच झोप उडवतोस? घरभेद्या!"

मिस लॅथम आली, काय झालं ते ऐकलं, खोलीवर नजर फिरवली आणि एकच प्रश्न विचारला. "पाटी कोणी काढली?"

 नीला पुढे आली. "मी."

"आणि दार?"

"मीच."

"एक वर्ष," मिस लॅथम म्हणाली. "एक वर्ष कुठल्याही दोराला हात लावायचा नाही."

काका मध्ये पडले, बाकीचेही पडले. लहान आहे, चुकली, आज तिचं सातशेवीस होतं. बाई ढिम्म. "तिचे वडील तीन मीटर वर होते," एवढंच बोलली.

आता डॉक्टरांच्या हातात, म्हणजे बँडेजमध्ये, हुकमाचा एक्का होता. मंगळवारी हे दोन पांढरे हात समितीपुढे धरले की घंटा धोकादायक ठरणार आणि आम्ही जन्माच्या बांधल्या जाणार. आणि हे थांबवू शकेल असं एकच माणूस होतं. नीलाला भर सभेत स्वतःची चूक आणि बापाचा पराक्रम, दोन्ही सांगावे लागले असते.

पुढचं मी उल्हासकाकांकडून ऐकलं. ते शनिवारी सगळ्यांना सांगत होते. सभेत डॉक्टरांना विचारलं, "तिथे काही सूचना लावली होती?"

"नव्हती," डॉक्टर म्हणाले. ते काही खोटं नव्हतं.

आणि मागच्या रांगेतून नीला उभी राहिली. "पाटी होती. मी काढली. दारही मी उघडं टाकलं. चूक घंटेची नाही, माझी आहे."

"नीला, खाली बस," डॉक्टर मराठीत गुरगुरले. "चारचौघांत तमाशा नको."

"बाबा, तुम्ही वर कशाला आला होता ते पण सांगा ना."

समितीच्या बाईंनी विचारलं, "डॉक्टर, आपण कशासाठी गेला होतात?"  डॉक्टरांनी बँडेजचे हात टेबलावरून खाली घेतले, असं काका म्हणाले.

"दोर बांधायला," शेवटी डॉक्टर म्हणाले. आणि बसले.

निकाल असा लागला की घंटा बांधायच्या नाहीत, पण रविवारी दुपारी दोनच्या आत ब्र काढायचा नाही आणि दार कायम कुलपात ठेवायचं. डॉक्टरांना तो पुरेसा वाटला नाही. मिस लॅथमला तो अपमान वाटला. म्हणजे सगळे सारखेच नाराज! तीन आठवडे डॉक्टरांना गाडी चालवता येत नव्हती. नीलाचं लायसन्स कोरं करकरीत. तीच त्यांना हॉस्पिटलात सोडायची. झरोक्यातून मला गाडी दिसायची. दोघं सरळ समोर बघत बसलेली. अजूनही डॉक्टर आमच्या बाजूची खिडकी दाणकन लावतात. लावू देत.

मित्रांनो, माझ्यावर प्रेम करा असं मी म्हणणार नाही. मला ते झेपत नाही. पण जी वस्तू तुम्हाला कळत नाही तिला रागाच्या भरात हात घालू नका. आणि जी तुमच्या भरवशावर ठेवली आहे तिला दोन मिनिटंसुद्धा उघडी टाकून जाऊ नका. डोनट पळून जात नाहीत.

नीलाच्या जागी आता एक दाताचे डॉक्टर येतात. मला अक्कलदाढ समजून ओढतात. नीला दर शनिवारी येते आणि भिंतीजवळच्या बाकावर हात मांडीखाली दाबून बसते. दोराला बंदी आहे, बाकाला नाही. परवा सातशेवीस चालू होतं. तीनशेच्या आसपास दातवाले भरकटले. सगळा क्रम विस्कटायला लागला. मनोऱ्यात हाक फक्त कप्तानाने द्यायची असते, पण बाकावरून आवाज आला, "ट्रेबल, पुढे ये! आत्ता!"

दातवाले दचकले आणि पुढे आले. मी वाजले ती बरोबर जागेवर. बाकीच्या पाच जणी मागून रांगेत आल्या. नीलाने तोंडावर हात ठेवला. आता आपली धडगत नाही, असं तिला वाटलं.

मिस लॅथमने दोर चुकवला नाही की मान वळवली नाही.

"उशीर झाला," ती म्हणाली. "पुढच्या वेळी चूक व्हायच्या आधी ओरड."