इंदुताईंची माती

पुण्यात, पिंपळे गुरवच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, कुंडीत शंखी गोगलगाय निघाली आणि अर्जुनरावांनी कपाळावर हात मारला. औशाकडच्या रानात या बयेनं त्यांचं सोयाबीन दोनदा फस्त केलं होतं. गाव सोडताना त्यांच्या बायकोनं, इंदुताईंनी, त्याच रानातली माती आणली होती. त्यातली उरलेली पिशवी दिवाणाखाली कोरडी पडून होती. इंदुताई गेल्या, तेव्हा त्यांचा झेंडू जगावा म्हणून अर्जुनरावांनीच ती कुंडीत ओतली. शंखाचं तोंड बंद करून बया आत निजलेली, पाणी मिळताच उठली.

"मामा, मातीत अंडीच अंडी आहेत," सून विजयश्री म्हणाली. "कुंडी खाली ओतून येते. नवी माती आणू."

"माती न्हाई ओतायची!" अर्जुनराव जवळजवळ ओरडलेच. "मी वेचून देतो."

त्यांनी गोणपाट गुळाच्या पाण्यात बुडवून कुंडीपाशी अंथरलं. गावी दोघं हेच करायचे. सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या.

दुसऱ्या दिवशी गोणपाटाखाली दोन सापडल्या. मुलगा समाधान कारखान्यात शिफ्टला निघाला होता.

"आबा, लाइनवरचा नागालँडचा दोस्त म्हणतो, मारू नका, मला द्या. त्यांच्याकडं रस्सा करतात."

"ने बाबा. आमचं रान खाल्लं, आता ह्यांना कुणीतरी खाऊ दे."

मग माती कागदावर पसरून सासरा-सून अंडी वेचायला बसले. साबुदाण्यासारखी पांढरी, ओलसर. वेचता वेचता अर्जुनराव एकटेच हसले.

"काय झालं, मामा?"

"ह्यांच्यात नर-मादी येगळी नसती. सगळ्याच अंडी घालत्यात. शेतीखात्याच्या साहेबानं हे सांगितलं तर तुझी आत्या बांधावर लोळून हसली. म्हणली, शिका कायतरी! एखादं लेकरू तुमी जन्माला घातलं असतं, म्हंजे कळलं असतं!"

विजयश्रीही खळखळून हसली. मग तिचा हात थांबला.

"आत्या असं बोलायच्या? मी तर त्यांना कधी हसताना पाहिलंच नाही."

या घरात दोन वर्षं इंदू गप्प गप्प राहिली, आणि अर्जुनराव म्हणत राहिले, वय झालं.

"रानात हसायची," ते म्हणाले आणि कागदाला चिकटलेली मातीसुद्धा बोटानं निपटून त्यांनी कुंडीत टाकली.