मऊ होतेय

रविवारची सकाळ होती. खिडकीपाशी शिलाई मशीन, मशीनवर आई, आणि कपाटाला पाय टेकवून हातांवर उलटं उभं राहिलेलं सहा वर्षांचं पोर. या पोरीला घरात कुणी नावाने हाक मारत नसे. ती टोळ होती. पलंगावरून खुर्चीवर, खुर्चीवरून बाबाच्या पाठीवर. जमीन तिच्या लेखी फक्त उडी घ्यायची जागा.

"कपाटाचं दार निखळलं तुझ्या लाथांनी," बस चालवणारा बाबा बूट चढवता चढवता म्हणाला. "हिला आता कुठल्यातरी जिम्नॅस्टिक्सच्या वर्गात घालू या. नाहीतर मला रोज बसच्या टपावर बांधून न्यावी लागेल."

"टपावर चालेल!" उलट्या तोंडाने उत्तर आलं.

आई हसली. तिच्या सुईखालून कुणाच्यातरी लेकीचा गणवेश सरकत होता. लहान मुलांचं काही शिवायचं तर आत दोन बोटं कापड राखायचं, ही तिची रीत. पोर वाढतं, कापडाने त्याला वाट द्यावी, असं ती म्हणे. आजूबाजूच्या चार गल्ल्यांत तिला शिवणवाली म्हणूनच ओळखत.

त्याच आठवड्यात नवराबायकोने दोन जागा पाहिल्या.

पहिली जागा एका शाळेमागच्या जुन्या सभागृहात होती. गाद्यांना ठिगळं होती, भिंतीलगत पालकांच्या खुर्च्या होत्या आणि कालवा असा की कानात बोटं घालावीत. गळ्यात शिट्टी अडकवलेली एक उंच बाई मुलांच्या गराड्यात उभी होती. पोरं तिला तोंडावरच शिट्टीबाई म्हणत होती. ती टोळासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "पहिले सहा महिने आपण पडायला शिकायचं."

"पडायला?" बाबा म्हणाला. "अहो, ते तर हिला घरबसल्या येतं!"

"न लागता पडायला," शिट्टीबाई म्हणाली. "पडायची भीती गेली की उडी आपोआप उंच जाते."

आईची नजर भिंतीवर फिरली. एकही पदक नाही, एकही ढाल नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "नुसता बाजार भरलाय."

दुसरी जागा टोळाच्या आत्याने सुचवलेली. आत्याची लेक अकरा वर्षांची, चार वर्षं तिथेच शिकत होती, आणि तिची पदकं आत्याच्या दिवाणखान्यात दारासमोरच टांगलेली होती. पाहुण्याने आधी ती पाहायची, मग बसायचं. "वहिनी, शिकवायचंच तर आमच्या मॅडमकडे," आत्या म्हणाली. "तिकडे पोरींचा चिवचिवाटसुद्धा ऐकू येत नाही."

खरंच ऐकू येत नव्हता. पांढऱ्याशुभ्र भिंती, एका भिंतीभर आरसे, चकचकीत गाद्या. वीस मुली ओळीत चालल्या तरी पावलांचा आवाज नाही. पालकांसाठी बाहेर लांब बाक होता. बाक आणि वर्ग यांच्यामध्ये जाड निळा पडदा. आईने ती शांतता पाहिली आणि तिला वाटलं, ही शिस्त. प्रवेशाच्या कागदावर लिहिलं होतं, 'शिकवण्याच्या पद्धतीबद्दल पालकांनी विचारणा करू नये.' बाबाने खाली सही केली. शेजारी आईने केली. उसना पेन परत देताना मॅडमना दोघांनी धन्यवादही दिले.

पहिले काही दिवस धावण्यात आणि ओळीत उभं राहण्यात गेले. आई बाकावर बसून कुणाचं बटण, कुणाचं काज करत असे. एका दुपारी पडद्यामागून रडणं आलं. हट्टाचं नव्हे, पडल्याचंही नव्हे. दाबून धरलेलं, मधेच श्वास तुटलेलं. आईची सुई थांबली. ती उठणार, तोच शेजारच्या बाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बसा हो. मऊ होतेय."

"म्हणजे?"

"अंग मऊ करतात. पाय दोन दिशांना सपाट टेकायला हवेत ना, स्प्लिट म्हणतात त्याला. सुरुवातीला सगळ्याच रडतात."

"माझी तर वर्षभर रडली," दुसरी हसत म्हणाली. "आता बघा, लोण्यासारखी झालीय."

बाकावर हशा पिकला. कुणीतरी डब्याचं झाकण उघडून खाऊ पुढे केला. आईनेही एक घास घेतला.

रडं ऐकलं की आईने धावायचं, हे कुठल्या शाळेत शिकवावं लागत नाही. मांजरीलाही ते ठाऊक असतं. ते विसरायला मात्र शिकवावं लागतं. त्या निळ्या पडद्याच्या आत मुलींचा वर्ग भरत असे, आणि बाहेर बाकावर आयांचा.

घरात हळूहळू काहीतरी कमी झालं. पलंग, खुर्ची, बाबाची पाठ सगळं जागच्या जागी होतं. त्यावरून उडणारं कुणी नव्हतं. एकदा जेवताना टोळाने अर्धं ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "आई, मी कधी मऊ होणार? मॅडम म्हणतात, मी लाकूड आहे."

"थट्टा केली असेल," बाबा म्हणाला.

"थट्टा केली की हसतात," टोळ म्हणाली. "त्या नाही हसल्या."

पुढे स्पर्धा जवळ आली. मुलींचे घट्ट, ताणाचे पोशाख शिवायचं काम मॅडमनी शिवणवालीलाच दिलं. मापांचा कागद आला. आईने तो मशीनवर पसरला आणि आत्याच्या लेकीच्या नावापाशी तिचं बोट थांबलं. गेल्या वर्षी भाचीचा फ्रॉक तिनेच शिवला होता. ते माप वहीत होतं. पोरीची उंची तीन बोटं वाढली होती आणि या कागदावर कंबर दोन बोटं उतरली होती. छाती तेवढीच, मांडी कमी.

आईला वाटलं, टेप चुकीची धरली असणार. शिवणाऱ्या बाईला दुसरं काय वाटणार? माप चुकू शकतं. अंग कसं चुकेल? तिने टेप गळ्यात अडकवली आणि वर्गाच्या वेळी गेली.

"मॅडम, एका पोरीचं माप चुकलंय. पुन्हा घेऊ का?"

मॅडमनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "चुकलेलं नाही. तुम्ही याच मापाने शिवा. स्पर्धेपर्यंत मुलगी मापात येईल."

आयुष्यभर तिने अंगाला बसेल असं कापड कापलं होतं. कापडाला बसेल असं अंग कापायला तिला कुणी पहिल्यांदाच सांगत होतं.

"तरी बाकीच्यांची मापं तपासून घेते," ती म्हणाली. गळ्यात टेप होती, म्हणून तिला कुणी अडवलं नाही. पडदा बाजूला करून ती आत गेली.

आत भाची जमिनीवर होती. एक पाय पुढे, एक मागे. पुढची टाच लाकडी ठोकळ्यावर चढवलेली, म्हणजे शरीर जमिनीच्याही खाली ताणलं जावं. मॅडमची मदतनीस तिच्या खुब्यावर गुडघा रोवून, सगळा भार टाकून बसली होती. समोर एक मुलगी मोठ्याने आकडे मोजत होती, "एकेचाळीस, बेचाळीस..." भाचीच्या तोंडात स्वतःच्याच बाहीचा बोळा होता. तो तिने स्वतःच कोंबला होता. रडलं की मोजणी पहिल्यापासून सुरू होई, असा नियम होता. आणि पुढच्या गादीवर, आपल्या पाळीची वाट बघत, बाही ओठांपाशी धरून टोळ उभी होती.

सहा वर्षांच्या पोरीने बोळ्याची तयारी आधीच केली होती.

"उठ तिच्यावरून!" आई ओरडली. त्या वर्गात एवढा मोठा आवाज कधी झाला नव्हता. "उठ म्हणते ना!"

मदतनीस दचकून उठताना तोल जाऊन पुन्हा भाचीवरच कलली. अंगाच्या आत कापड फाटावं तसा एक बारीक आवाज आला. बोळा तोंडातून पडला, पण भाची ओरडली नाही. तिचं तोंड नुसतंच उघडं राहिलं.

पडदा सारून बाकावरच्या बायका आत डोकावल्या. सगळ्यांत पुढे आत्या होती.

"वहिनी, काय तमाशा लावलात?"

"वन्सं, पोरीकडे बघा."

"स्पर्धा आलीय जवळ! आता मॅडमनी हिला काढलं म्हणजे? चार वर्षं पाण्यात!"

"तिला उभं करून दाखवा," आई म्हणाली. "एवढंच करा. उभं करा."

आत्याने लेकीच्या काखेत हात घातले. भाचीने पाय टेकवला आणि ती तशीच आत्याच्या खांद्यावर कोसळली.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ओढ बसली असेल. बर्फ लावा. आणि शिवणकाम करणाऱ्यांनी शिवणकाम करावं."

"तेच करतेय," आई म्हणाली. "तुम्ही टराटरा फाडायचं आणि आम्ही बाहेर बसून खाऊ वाटायचा, हे आता पुरे झालं." तिने टोळाला कडेवर उचललं. मग बाकाकडे वळून विचारलं, "तुमच्यापैकी कुणीकुणी हे रडणं ऐकलं होतं?"

कुणी पर्स आवरली, कुणी फोन चाचपला. एकजण पुटपुटली, "सगळीकडे असंच असतं हो. मोठं व्हायचं तर..."

"मोठं? अहो, इथे वाढलं तर माप चुकतं!"

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरला. खुब्याजवळच्या हाडाचा कपचा स्नायूने ओढून काढला होता. "वाढत्या वयात ही जागा कच्ची असते," ते म्हणाले. "कसं झालं?"

"पडली," आत्या म्हणाली. चटकन, सवयीने.

भाची छताकडे बघत होती. ती काहीच बोलली नाही. चार वर्षांत ती तेवढंच पक्कं शिकली होती.

"पडली नाही," आई म्हणाली. "पडणाऱ्याला निदान जमीन तरी सोडते. हिच्यावर माणूस बसलं होतं. लिहून घ्या, डॉक्टर."

आत्याने तोंडावर पदर दाबला. ती पदराआडून म्हणाली, "मला ऐकू यायचं, वहिनी. दर वेळी ऐकू यायचं." आणि मग ती अशी रडली की परिचारिकेला दार लावून घ्यावं लागलं.

बाबाला सगळं कळलं तेव्हा तो बसचा गणवेश न काढताच खाली बसला. "मीच सही केली," तो म्हणाला.

"दोघांनी केली," आई म्हणाली. "आता आणखी एक करायचीय."

क्रीडा कार्यालयासाठी तक्रारीचा कागद तिने स्वतःच्या हाताने लिहिला आणि बाकावरच्या प्रत्येकीच्या दारात नेला. एकीने चहा दिला, सही दिली नाही. एकीने दारच उघडलं नाही. आत मात्र कुणीतरी आकडे मोजत होतं, घरीही सराव चालू होता. शेवटी कागदावर तीनच सह्या राहिल्या: आई, बाबा आणि आत्या. तिसरी सही सगळ्यांत ठळक होती. तक्रार कार्यालयात जमा झाली आणि दुसऱ्या सोमवारी पांढऱ्या वर्गात पुन्हा वीस मुली ओळीत उभ्या होत्या. गेलेल्या दोघींच्या जागी नव्या दोघी आल्या होत्या. त्यांच्या आयांनीही ती शांतता पाहिली असेल आणि म्हटलं असेल, काय शिस्त आहे!

टोळाने महिनाभर जिमचं नाव काढलं नाही. मग एके दिवशी ती पलंगाच्या कडेवर उभी राहिली, बराच वेळ खाली बघत राहिली आणि म्हणाली, "ते पडायला शिकवणारं कुठे होतं?"

यावेळी आई भिंतीवर पदकं शोधत बसली नाही. शिट्टीबाईला तिने दारातच गाठलं. "पोर रडलं तर काय करता?"

"थांबते."

"आणि ताणताना?"

"ते स्वतः जाईल तिथपर्यंत. पुढचं उद्या. उद्या नाही तर परवा."

"आम्ही इथे बसलो तर?"

"इथेच बसायचं. खुर्च्या त्याचसाठी आहेत. मला बघणारी माणसं हवीत. माझाही हात चुकू शकतो."

आई बसली. शेजारी आत्या बसली, आणि दोघींच्या मध्ये कुबड्या मांडीवर घेऊन भाची. ती स्वतःच म्हणाली होती, मला यायचंय, नुसतं बघायला.

गादीवर टोळाला कोलांटी घ्यायची होती. शिट्टीबाई शेजारी गुडघ्यावर बसली. "पाठीला हात लावू का? आधार देते."

टोळाचं अंग आखडलं. तिने खुर्च्यांकडे पाहिलं, मग त्या हाताकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "नको."

"बरं," शिट्टीबाई म्हणाली. तिने हात मागे घेतला आणि नुसतीच बसून राहिली. कुणी ओरडलं नाही. कुणी आकडे मोजले नाहीत. बाकीची पोरं आपापल्या गोंधळात मग्न होती.

भाची पुढे वाकून हे बघत होती. तिने टोळाच्या आईची बाही ओढली.

"मामी," तिने विचारलं, "असं म्हणता येतं?"

आत्याने मान फिरवली. अकरा वर्षांची पोर उत्तराची वाट बघत राहिली.