यंत्राला पॉलिश शिकवताना

भाईंदर पूर्वेला गुणवंतशेठचा स्टीलच्या भांड्यांचा गाळा. हरिश्चंद्रचं सगळं आयुष्य तिथे पॉलिशच्या चाकावर गेलं होतं. एका सकाळी त्या चाकाशेजारी एक यांत्रिक हात बसवला गेला आणि शेठ म्हणाले, "जो इसको सिखायेगा, वही चलायेगा. बाकी लोगों का देखते हैं."

सगळ्यांत जुना म्हणून पहिली संधी हरिश्चंद्रला मिळाली. गेल्या पावसाळ्यापासून त्याचे दोन्ही हात थरथरत होते. बायकोला, अंबिकाला, त्याने याचा पत्ता लागू दिला नव्हता. भांडं चाकावर जोर लावून दाबलं की थरथर दिसत नसे, त्यावर आजवर निभावलं होतं.

यंत्र बसवायला आलेली संपदा इंजिनिअर होती. ती म्हणाली, "काका, टोप म्हणजे काय, चमक म्हणजे काय, याला काही कळत नाही. याच्या प्रत्येक सांध्यात एक मोटर आहे, आणि सांधा किती वळला ते मोजणारा सेन्सर. तुम्ही याचा पंजा धरून टोपावरून फिरवा. ती सगळी मापं या कपाटातला कंट्रोलर लक्षात ठेवतो. तोच याचा मेंदू. मग मोटरी तुमच्यासारखंच करून दाखवतात."

"आणि माझं चुकलं तर?"

"तर चूकही तशीच्या तशी करणार."

हरिश्चंद्रने श्वास रोखला, कोपर बरगडीला घट्ट लावलं आणि पंजा टोपावरून फिरवला. संपदाने बटण दाबलं. यंत्र हललं आणि थरथरलं. त्याच्याच हातासारखं, बारीक, थांबता थांबेना. चंदन आणि बाकीचे पोरगे काम सोडून बघत राहिले.

"पुन्हा करतो," तो म्हणाला. पुन्हा केलं. मनगटाला फडकं आवळून केलं. दर वेळी ते लोखंडी मनगट सगळ्यांसमोर कापत राहिलं.

संपदाने आवाज खाली आणला. "काका, कधीपासून होतंय हे?"

"शेठना बोलू नका. पाया पडतो तुमच्या."

ती म्हणाली, "सगळी वाट नको. मोजक्याच जागा दाखवा, मधलं अंतर ते स्वतः सरळ कापेल." त्याने तसं केलं. या वेळी यंत्र संथ फिरलं आणि टोप आरशासारखा निघाला. शेठने "वाह!" म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारली. हरिश्चंद्रचे डोळे भरून आले.

"आता रिमोट घेऊन चालवून बघू," संपदा म्हणाली. "मागचं बटण अर्धवटच दाबून धरायचं. सुटलं तरी यंत्र थांबतं, जास्त दाबलं तरी थांबतं. घाबरलेला माणूस या दोन्हींतलं काहीतरी करतोच, म्हणून ही सोय."

हरिश्चंद्रने बटण धरलं. यंत्र वीतभर सरकलं आणि थांबलं. परत सरकलं, परत थांबलं. त्याने हात बदलला. दोन्ही हातांनी धरून बघितलं. बोटं एका जागी राहीनात.

"क्या हुआ मशीन को?" शेठने विचारलं.

संपदाने खाली बघितलं. शेठची नजर हरिश्चंद्रच्या बोटांवर गेली आणि तिथेच थांबली. मग त्यांनी रिमोट काढून घेतला आणि चंदनला दिला.

"शेठ, पॅकिंगला तरी ठेवा. झाडू मारतो. काहीही करतो."

"कल बात करते हैं," शेठ म्हणाले आणि केबिनमध्ये निघून गेले.

तो बाहेर आला. फोनवर अंबिकाचं नाव काढायलाच त्याला बराच वेळ लागला.

"काय हो, एवढ्या लवकर? कुठे लागलं का?"

"लागलं नाही." आत यंत्र चालू झालं होतं, न अडखळता. "अंबिका, माझे हात माझं ऐकत नाहीत गं."

ती म्हणाली, "तिथेच बसा. कुठे जाऊ नका. पेणकरपाड्यातून रिक्षा करून येते, तिथून सरळ डॉक्टरकडे जाऊ."

तो गाळ्याच्या पायरीवर बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून रस्त्याकडे बघत राहिला.