एकाच खणातली काच

चाळीस वर्षे मी बर्नरच्या ज्योतीवर काचेचे मणी केले. हात थरथरू लागले तेव्हा बर्नर मी स्वतःच बंद केला. कोणी सांगण्याची वाट पाहिली नाही. मागे उरली ती एक खोली, एक लांब टेबल आणि काचेच्या कांड्यांच्या उरलेल्या तुकड्यांनी काठोकाठ भरलेला एक खण.

गेल्या वर्षी सूनबाईने त्या खोलीत विजेची भट्टी आणून बसवली. नवशिक्यांचा वर्ग घ्यायचे तिच्या मनाने घेतले होते. काच चिकटू नये म्हणून फरशीच्या तुकड्याला पांढरा लेप द्यायचा, त्यावर काचेचे तुकडे एकमेकांना खेटून मांडायचे, भट्टी तापली की ते वितळून एकजीव होतात आणि पंजाएवढी रंगीत पाटी तयार होते. ज्योत नाही, हाताची करामत नाही. मला हा पोरखेळ वाटला, आणि मी तसे बोलूनही दाखवले.

"पोरखेळच आहे, आई. म्हणून तर लोक येतील," ती म्हणाली.

उत्तर मला आवडले, पण ते मी चेहऱ्यावर येऊ दिले नाही. शेजारचे फ्रेमवाले ती खोली कधीपासून मागत होते. मी सांगून टाकले, "पहिला वर्ग धड पार पडला तर खोली तुझी. नाहीतर फ्रेमवाल्यांची." माझ्या घरात शब्द एकदाच दिला जातो.

वर्गाआधी तिने माझ्या खणातले तुकडे घेऊन स्वतः एक पाटी करून पाहिली. ती तडकली.

"झाकण लवकर उघडलंस."

"नाही हो, पूर्ण थंड झाल्यावर उघडलं."

"मग आणखी थंड होऊ द्यायचं. तुला सदाचीच घाई!"

दुसऱ्या खेपेला तिने भट्टी दोन दिवस तशीच ठेवली आणि झाकणावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली. ती सूचना कोणासाठी होती, हे घरात कोणाला विचारावे लागले नाही. ती पाटीही तडकली.

शुक्रवारी दुपारी ती स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. दुसऱ्या दिवशीच्या वर्गाला दोघेच जण येणार होते, टेलरबाई आणि दातांचे डॉक्टर. "नाही हो, उद्या नाही जमणार. बहुतेक नंतरही नाही," असे ती टेलरबाईंना सांगत होती. मी सहज म्हणून ती तडकलेली पाटी खिडकीशी धरली. तडा वाटेल तसा गेलेला नव्हता. हस्तिदंती रंगाच्या तुकड्याच्या दोन्ही कडांनी तो बिनचूक फिरला होता. मी खाली बसले.

काच दिसायला सारखीच. पण थंड होताना प्रत्येक कारखान्याची काच आपापल्या मापाने आकसते. मी दोन कारखान्यांकडून कांड्या घेत असे. जन्मभर त्यांचे दोन वेगळे खण ठेवले. कोणी एक कांडी जरी चुकीच्या खणात टाकली तरी मी घर डोक्यावर घेत असे. आणि बर्नर बंद केला त्या दिवशी माझ्याच हाताने एक खण दुसऱ्यात रिकामा केला. आपल्यामागे याला कोण हात लावणार, असे तेव्हा वाटले होते.

मी उठून स्वयंपाकघरात गेले.

"त्यांना सांग, उद्या दहाला या."

"आई, एक मिनिट..."

"आधी सांग. मग फोन ठेव."

तिने सांगितले आणि फोन ठेवला.

"दोष भट्टीचा नाही, तुझाही नाही. दोन प्रकारची काच आहे ती. एका खणात मी मिसळली."

ती माझ्याकडे वळली. "महिनाभर तुम्ही मला उतावळी म्हणताय."

"म्हणत होते. माझं चुकलं."

ऐकणाऱ्याला वाटावे की मी तिलाच रागावते आहे, अशा आवाजात मी हे म्हणाले, पण म्हणाले.

"हजारभर तुकडे असतील. ओळखायचे कसे?"

"उद्या दाखवते."

शनिवारी दोघेही वेळेवर आले. एका कारखान्याची चिठ्ठी असलेली पारदर्शक कांडी माझ्याकडे शाबूत होती. जुना बर्नर पेटवून, तिच्या टोकाशी हस्तिदंती तुकडा धरून मी दोन्ही ज्योतीत नेले. हात इतका हलला की काचेचा धागा नागमोडीच निघाला. टेलरबाईंनी सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिले. मी कांडी सूनबाईच्या हातात दिली.

"दोन्ही टोकं शेजारी ठेव. पीळ देऊ नकोस. चिकटली? आता चिमट्याने ओढ, एका दमात."

हातभर लांब, केसासारखा धागा निघाला. थंड होता होता तो धनुष्यासारखा वाकला.

"वाकला म्हणजे दोन्ही काचांचं जमत नाही," मी म्हणाले. "सरळ राहिला तर जमलं."

मग काम सुरू झाले. सूनबाई धागे ओढू लागली, टेलरबाई ते पट्टीच्या कडेला लावून बघू लागल्या, डॉक्टर निकाल देऊ लागले. एका तुकड्याचा निकाल लागला की त्याच रंगाचे, त्याच जाडीचे बाकीचे तुकडे मी त्याच्याच ताटात टाकी. शंका आली तो पुन्हा ज्योतीवर.

"ही वाकडी. हीसुद्धा वाकडी."

"डॉक्टर, काच बघताय की माझे दात?" टेलरबाई म्हणाल्या.

"वाकडं शोधायचीच सवय हो मला. तुमचे दात बघायचे तर फी पडेल."

एक वाजेपर्यंत दोन ताटे वेगळी झाली. जेवून दोघांनी एकाच ताटातले तुकडे घेऊन आपापल्या पाट्या मांडल्या, आणि सूनबाईने भट्टी लावली.

रविवारी संध्याकाळी दोघे पुन्हा आले. तिने झाकण उचलले, तेव्हा सगळ्यांच्या आधी मी वाकून पाहिले. दोन्ही पाट्या अखंड होत्या. डॉक्टरांच्या पाटीत एक बुडबुडा राहिला होता. "ही पोकळी मात्र मी भरणार नाही," असे त्यांनी जाहीर केले. टेलरबाई कितीतरी वेळ आपल्या पाटीच्या उंचवट्यांवरून बोट फिरवत होत्या.

"याची वाटी करता येईल का हो?" त्यांनी विचारले.

मी उत्तर द्यायला तोंड उघडले. सूनबाईने माझ्याकडे न पाहताच तळहात उभा केला.

"येईल," ती म्हणाली. "पण आधी कडा घासायच्या. सगळ्यांनी. बसा."

सगळ्यांनी म्हटल्यावर मीही खुर्ची ओढली आणि बसले.