जेवायला कुठे बसतात

आमची नोकऱ्या लावून देणारी कचेरी दोन खोल्यांची. पुढच्या खोलीत ताई बसते. ती फोन घेते, कंपन्यांशी गोड बोलते आणि बिलं पाठवते. मागच्या खोलीत मी मुलाखती घेते. मधे काचेची भिंत आहे. काच असली की माणूस शिस्तीत वागतो, असं ताईचं म्हणणं. माणूस म्हणजे उमेदवार की मी, हे तिनं अजून सांगितलेलं नाही.

माझी खोड तिला पक्की ठाऊक आहे. समोर बसलेल्या माणसाबद्दल मला नको तितकं कुतूहल वाटतं. "तुला मुलाखती घ्यायला बसवलंय, नसत्या पंचाइती करायला नाही," हे वाक्य मी तिच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की आता ते मला तिच्या पावलांच्या आवाजातही ऐकू येतं.

त्या दिवशी तर तिनं सकाळीच दम भरला. नदीपलीकडे एक उंच इमारत उठत होती आणि तिथला क्रेन चालवणारा अचानक काम सोडून गेला होता. साइटच्या इंजिनियरनं निक्षून सांगितलं होतं, संध्याकाळपर्यंत माणूस द्या, नाहीतर आम्ही दुसऱ्या एजन्सीकडे जातो. ती कंपनी म्हणजे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ते तुटलं असतं तर आम्हा दोघी बहिणींनाच कुणाकडे तरी मुलाखतीला जाऊन बसावं लागलं असतं.

"लायक असा एकच माणूस सापडलाय," ताई म्हणाली. "येईलच एवढ्यात. प्रश्न कमी विचार, सही घे आणि पाठव."

क्रेनवाले आले. पन्नाशी ओलांडलेले, सडपातळ, शर्टाला कडक इस्त्री. बसल्यावर त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे इतकं निरखून पाहिलं की मी नकळत केस सारखे केले. लायसन्स चोख, आधीच्या कंपन्यांची पत्रं चोख. उभं आयुष्य टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये काढलेलं आणि एकही अपघात नाही. मी मनातल्या मनात ताईला मिठी मारली.

"पगार आधीपेक्षा जास्त मिळेल," मी म्हटलं. "उद्यापासून जाल ना?"

"जाता येईल," ते म्हणाले. "पण मॅडम, एक विचारू का? तुमच्याकडे दुसऱ्या कुठल्या जागा आहेत?"

हा प्रश्न आला की मी समजते, एक तर पगार कमी पडतोय, नाहीतर घर लांब पडतंय. मी तसं विचारलं. दोन्ही नव्हतं. उंचीची भीती वाटायला लागलीय का?

"छे हो. वाऱ्यानं केबिन झुलायला लागली की मला पाळण्यात बसल्यासारखं वाटतं. झोपत नाही हां, तसं काही लिहू नका."

गुडघे ठणठणीत होते, नजर ठणठणीत होती. मग घोडं पेंड कुठे खात होतं ते मला कळेना.

"कसली जागा हवीय तुम्हाला?"

"कसलीही. जमिनीवरची."

काचेपलीकडून ताई भुवया उंचावून बघत होती. मी तिला हातानंच 'होतंय, होतंय' अशी खूण केली. ती साफ थाप होती. खरं तर तेव्हाच मी ठणकावून सांगायला हवं होतं की आज आमच्याकडे तुमच्यासाठी हीच जागा आहे. पण एवढं चांगलं काम हातात असताना हा माणूस खाली उतरायला का बघतोय, हे कळल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. मी फाइल उघडली.

शीतगृहात माल हलवायच्या गाडीवर एक जागा होती. ती मी सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पगार विचारला नाही, सुट्ट्या विचारल्या नाहीत. विचारलं काय, तर, "तिथे जेवायला कुठे बसतात?"

"कँटीन असेल की."

"असेल, का आहे? आणि सगळे एकदम बसतात, की पाळीपाळीनं?"

मला माहीत नव्हतं. माझ्या फाइलमधल्या कुठल्याही कंपनीचा बोनस मी झोपेतून उठून सांगेन, गणवेशाचा रंग सांगेन. पण तिथली माणसं जेवायला कुठे बसतात, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मलाही कधी सुचलं नव्हतं. माझ्यासारख्या भोचक बाईला हे सुचू नये, याची मला लाजच वाटली. मी शीतगृहाच्या मॅनेजरला फोन लावला.

"का? कुणी तक्रार केलीय का?" मॅनेजर म्हणाला.

"नाही हो, सहज विचारलं."

"सहज असं कुणी विचारतं का?" बऱ्याच आढेवेढ्यांनंतर त्यानं सांगितलं की गाडी थांबवून चालत नाही, त्यामुळे जो तो आपापल्या वेळेला, एकेकटा जेवून घेतो.

क्रेनवाल्यांनी मान हलवली. नको.

शाळेच्या बसवर जागा होती. मुलं शाळेत जेवणार आणि हे रिकाम्या बसमध्ये. नको. वाचनालयाच्या तळघरात पुस्तकं लावायची जागा होती. तिथे सगळे एकत्र बसत होते. "बोललेलं चालतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वाचनालय आहे हो ते. नको. मग एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, एकत्र जेवतो आम्ही, पण यंत्रं चालू असतात, शेजारचा काय बोलतो ते कळत नाही. हे ऐकून क्रेनवाले खुर्चीत पुढे सरकले.

"हसलेलं ऐकू येतं का, विचारा ना."

मी विचारलं. पलीकडून फोन आपटला गेला.

एवढ्यात दार उघडून ताई आत आली. क्रेनवाल्यांकडे बघून गोड हसली आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "काय चाललंय?"

"जेवणाबद्दल बोलतोय."

"कुणाच्या?" ती म्हणाली. "इंजिनियरचा पुन्हा फोन येईल आता. त्याला काय सांगू, माणसाला भूक लागलीय म्हणून?"

ती गेली. मी फाइल मिटली, टेबलावर कोपरं टेकली आणि सरळ विचारलं, "आता मला खरं सांगा. जेवणाचं एवढं काय आहे?"

क्रेनवाल्यांनी इस्त्रीच्या शर्टाची बाही उगाच नीट केली.

"असं आहे मॅडम, केबिनपर्यंत शिडीनं चढायला खूप वेळ लागतो. त्यामुळे दुपारी उतरणं परवडत नाही. डबा वरच न्यायचा. मी वर जेवतो आणि खाली सगळे गोल करून जेवतात. मला रोज दिसतात. चेहरे नाही, टोप्या. पिवळी, लाल, एक चेपलेली. कोण कुणाच्या डब्यात हात घालतो ते दिसतं. कोण रुसून जरा लांब बसलाय ते दिसतं. आणि मग एकदम सगळ्या टोप्या गदागदा हलायला लागतात. हसतात हो. पण आवाज वर येत नाही."

"मग?"

"मागच्या साइटवर एकदा असे हसले की तो चेपलेल्या टोपीवाला उताणाच पडला. टोपी निघून लांब गेली. त्याचं तोंड वर आणि माझं खाली. वर्षानुवर्षं कामाला बरोबर होतो, पण त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. माझा घास हातातच राहिला. संध्याकाळी उतरल्या उतरल्या त्याला गाठलं. म्हटलं, दुपारी कशाला हसलात रे एवढे? तर म्हणाला, कधी? त्याला आठवेनाच. बाकीच्यांना विचारलं, त्यांनाही नाही. पुढे काम संपलं आणि सगळे पांगले."

"आणि?"

"आणि काही नाही. ते कशाला हसले, ते मला अजून माहीत नाही."

एरवी मला अशा गोष्टीचं हसू आलं असतं. पण मला गलबलून आलं, आणि त्याच वेळी, खरं सांगते, ते कशाला हसले असतील याची मलाही चुटपुट लागली.

"आणि घरी कोण असतं?"

"घरी एकटाच असतो. पण घरी समोर कुणी हसत तरी नसतं." त्यांनी काचेकडे नजर टाकली. "तुमची अडचण कळतेय मला. त्या बाहेरच्या बाईंची घालमेल चाललीय. दुसरं काही नसेल तर जाईन मी वर. सही कुठे करायची?"

त्यांनी खिशातून पेन काढलं. कागद माझ्या हाताखालीच होता. तो पुढे सरकवला असता तर ताई खूश, इंजिनियर खूश, आणि मी दुपारचा डबा निवांत खाल्ला असता. माझा हात काही हलेना.

"ती चेपलेली टोपी," मी म्हटलं. "तो काय काम करायचा?"

"सिग्नलमन होता. मला खालून खुणा करायचा. माल वर घे, डावीकडे ने, थांब. वॉकीटॉकीवर बोलायचाही. कामाचं, तेवढंच."

"म्हणजे क्रेनचाच माणूस. पण जेवायला खाली."

"खाली," ते म्हणाले. "गोलात."

मी इंजिनियरला फोन लावला. तो माणूस पक्का झाल्याची बातमी ऐकायला तयारच बसला होता.

"तुमच्या साइटवर दुसऱ्या कुठल्या जागा आहेत?" मी विचारलं.

"मला क्रेनवर माणूस हवाय हो, तुम्ही जागा कसल्या मागताय?"

"तुमचा सिग्नलमन कसा आहे?"

"हुशार आहे. क्रेनचं लायसन्सही काढलंय त्यानं. मला वर पाठवा म्हणून डोकं खातो माझं."

"मग पाठवा की."

"आणि खाली कोण? वरच्याला काय दिसतं नि काय दिसत नाही, हे ओळखणारा माणूस असा वाटेवर पडलेला असतो का?"

"माझ्यासमोर बसलाय," मी म्हटलं.

"मग आमच्या सिग्नलमनला वर चढवतो. पण तुमच्या माणसाला पगार सिग्नलमनचाच मिळेल," इंजिनियर म्हणाला. मी क्रेनवाल्यांना सांगितलं, पगार बराच कमी मिळेल. त्यांनी मान डोलावली आणि फोनकडे बोट केलं. मला कळलं.

"आणखी एक," मी फोनमध्ये म्हटलं. "तुमच्याकडे जेवायला कुठे बसतात?"

"बाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? कुठे बसणार? क्रेनच्या पायाशी गोल करून बसतात सगळे."

क्रेनवाल्यांनी पेनाचं टोपण काढलं.

गिऱ्हाईक टिकलं, पण कमिशन घटलं. "क्रेनवाला घेऊन बसलीस आणि सिग्नलमन काढून दिलास," ताई म्हणाली, आणि दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलली.

पुढे एकदा काही कागदांवर सह्या हव्या होत्या. ते पोस्टानं गेले असते, पण मीच गेले, आणि नेमकी जेवणाच्या वेळेला पोचले. फाटकावर माझ्या डोक्यावर एक पिवळी टोपी बसवण्यात आली. क्रेनच्या पायाशी फळ्या, गोण्या, उलटे डबे असं काहीबाही मांडून सगळे गोल करून बसले होते. क्रेनवाले मधोमध नव्हते, कडेला होते. शर्ट चुरगळलेला, गुडघ्याशी वॉकीटॉकी. त्यांनी सरकून मला गोणीवर जागा दिली.

"कळलं का, कशाला हसतात?" मी हळूच विचारलं.

"कळलं," ते म्हणाले. "अगदी फालतू गोष्टींना." एवढं समाधान मी आमच्या कुठल्याही उमेदवाराच्या तोंडावर पाहिलेलं नाही.

इतक्यात समोरचा एक गवंडी माझ्याकडे बघून शेजाऱ्याला काहीतरी म्हणाला आणि बघता बघता सगळा गोल खदखदायला लागला. क्रेनवाल्यांना तर ठसका लागला. ते पाणी प्यायले, त्यांनी हात पुसला आणि वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"ऐक रे. जेवायला कुठे बसता म्हणून फोन करणाऱ्या बाई आल्यात. हा गवंडी म्हणतोय, यांना हॉटेलमधनं पाठवलंय, आता ताटं मोजणार."

सगळे एकदम गप्प झाले. कुणाचा घास हातात, कुणाचा तोंडात, आणि सगळ्यांच्या माना वर. मीही टोपी सावरत वर पाहिलं. खूप उंचावर केबिनची काच चमकत होती, आत काही म्हणता काही दिसत नव्हतं. मग वॉकीटॉकी खरखरला आणि वरचं हसू खाली आलं. खाली पुन्हा एकदा सगळे हसले. मलाच हसत होते, मला राग यायला हवा होता, पण मीच सगळ्यात जास्त हसत होते.

"प्रत्येक वेळी सांगता त्याला?" मी विचारलं.

"प्रत्येक वेळी," क्रेनवाले म्हणाले आणि त्यांनी डबा पुन्हा मांडीवर घेतला. "आणि लगेच सांगावं लागतं. नंतर कुणाला आठवत नाही."