घरात कोण कोण?

गुडघाभर चिखलात वाकून कविता भाताचा तरवा लावत होती आणि बांधावर उभी राहून प्रियांका तिला प्रश्न विचारत होती. कर्नाटकातल्या अळणावरच्या अंगाला पाऊस तीन दिवस धरून बसला होता. डोक्यावरच्या प्लास्टिकच्या खोळीतनं पाणी मानेवर गळत होतं.

"शिक्षण?"

"पीयूसी, बारावी पास."

"त्याच्यानंतर आठ वर्षं काय केलंस?"

"भात लावलं, मळलं, म्हशी राखल्या, मालकांचं सगळं..."

"असलं सांगायचं न्हाई. घरीच होते म्हनायचं."

पलीकडच्या ओळीत कविताची सासू सखूबाई होती. ती वाकल्या वाकल्याच बोलली, "आट वरसं घरी बसलीया म्हनं. मग हे कुनी लावलं, तुझ्या साहेबानं?"

प्रियांका शेजारची पोर. धारवाडजवळच्या बेलूरला वायरी जोडायच्या फॅक्टरीत होती आणि धारवाडात खोली घेऊन राहायची. फॅक्टरीत बायका घ्यायच्या होत्या, गुरुवारी मुलाखत. तिनंच कविताचं नाव दिलं होतं.

"अन् अण्णा पडून हाईत ते काढू नको," ती आवाज उतरवून म्हणाली. "सारखी रजा मागंल असं वाटतंय त्यास्नी. मालक शेती करत्यात म्हन."

कविताचा नवरा नागेश पडून होता त्याला दीड वर्ष झालं होतं. लाकडाच्या वखारीत गाडी भरताना ओंडका कमरेवर आला, तेव्हापासनं कमरेखाली जीव नव्हता. त्याला कुशीवर करायचं म्हणजे एकीनं धरायचं, दुसरीनं पुसायचं. रानातला भात होळीपर्यंत पुरायचा. त्यापुढं काय, हे दोघी एकमेकींना विचारत नव्हत्या.

प्रियांका गेल्यावर सखूबाई म्हणाली, "तू गेलीस तर ह्याला म्या एकटी कशी उलथू? अन् रान कोन बगनार?"

कविता लावत राहिली.

बुधवारी तिन्हीसांजेला सासूनं भिंतीला टेकवून कुशीवर केलेल्या नागेशची पाठ ती पुसत होती, तेव्हा तो आपणहून म्हणाला, "मी साहेब हाय समज. घरात कोन कोन?"

"सासू अन् मालक."

"मालक काय करत्यात?"

"शेती... शेती करत्यात."

नागेशचं तोंड भिंतीकडं होतं. "अडखळू नको तेवढं. परत सांग."

तिनं तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळेला न अडखळता.

"बरं म्हटलंस," तो म्हणाला. मग, "धारवाडला खोली घ्यावी लागंल. परत येत जाशील न्हवं?"

"हे विचारत न्हाईत तिथं."

"मी विचारुलालोय."

येईन म्हणायला काही जड नव्हतं. पण दुपारपासनं तिच्या डोळ्यापुढं एक खोली होती, दार आतनं लावलेली, आणि तिच्यात ती एकटी सकाळपर्यंत झोपलेली. ती खोली काही केल्या हलत नव्हती. टॉवेल पिळत ती म्हणाली, "जरा हात उचला, काख पुसते."

गुरुवारी साहेबानं कन्नडात विचारलं. तिचं कन्नड पाण्यासारखं होतं, सगळं नीट चाललं. मालक काय करतात असं विचारल्यावर ती न अडखळता म्हणाली, शेती. साहेबानं पेन खाली ठेवलं.

"रान असलेल्या बायका आम्ही घेत नाही. मागच्या लावणीला निम्म्या पळाल्या."

"सर, मालक काही करत नाहीत. पडून आहेत. कमरेला मार आहे."

"मग तर तुम्ही रोज रजा मागणार. त्यांना बघायला कोण?"

रान आहे म्हटलं तरी नाही, नवरा पडून आहे म्हटलं तरी नाही. तिसरं उत्तर प्रियांकानं शिकवलं नव्हतं.

"सासू," ती म्हणाली.

"विचारू या की." साहेबानं अर्जावरचा घरचा नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा फोन टेबलावर ठेवला.

सखूबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग ती कन्नडात म्हणाली, "त्याला मी बघीन. रान आम्ही करत नाही, दुसऱ्याला वाट्यानं करायला दिलंय. तिला दिवसाची, रात्रीची, कसलीही पाळी द्या."

साहेबानं अर्जावर सही केली. "सोमवारी या."

कविता गावात पोचली तर गावातला रामचंद्र त्यांच्या लावायच्या राहिलेल्या रानात चिखलणी करत होता. सखूबाई दारात बसली होती.

"आत्ती, हे काय?"

"दिलं वाट्यानं. दुपारीच."

"फोनवर म्हटलं म्हनून खरंच द्यायचं व्हय? कोन बगायला येतंय हितं?"

"त्याच्यापायी न्हवं. ह्याला एकटीनं उलथायचं म्हंजे मला दिवसभर घर सोडता येनार न्हाई. रान अन् पोरगं दोनी हुनार न्हाई माझ्यानं. फोन धरला तवाच ध्यानात आलं."

मी जात नाही, असं म्हणायला कविताचं तोंड उघडलं. पण डोळ्यापुढं ती आतनं दार लावलेली खोली आली. सखूबाईनं तिच्याकडं बघितलं आणि उठताना म्हणाली, "सोमवार लांब हाय अजून. रामचंद्राला लावणीला बायका कमी पडुलाल्यात. उद्या जा रोजगारानं."

सकाळी कविता आपल्याच रानात, रामचंद्रानं दाखवलेल्या ओळीला उभी राहिली.

"लई दाट लावू नको," रामचंद्र म्हणाला.

तिनं मान हलवली आणि वाकली.